ग्रंथाचे घर आणि नामदेवाची पायरी

बंगळुरातील हलसूर तलावाकाठच्या गुरुद्वाऱ्यात नजर प्रथम घुमटांकडे जाते, आणि गुरुद्वाऱ्याच्या वास्तुरचनेविषयीचे विवेचनही बहुधा तेथेच अडकते. वस्तुतः या वास्तुप्रकारात घुमट गौण होय. येथे केंद्रस्थानी मूर्ती नसून संहिता आहे. १७०८ साली नांदेड येथे गुरू गोविंदसिंगांनी ग्रंथाला गुरुपद दिले, असे परंपरा मानते. तेव्हापासून ग्रंथाचा दिनक्रम हाच वास्तूचा आराखडा ठरवतो. पहाटे ‘प्रकाश’, रात्री ‘सुखासन’. त्यासाठी मंजी, चांदवा आणि विश्रांतीची स्वतंत्र खोली. ग्रंथाच्या डोक्यावर कुणाचा वावर नसावा, असाही संकेत पाळला जातो. महानगरातील आखूड भूखंडावर त्यामुळे दरबार सहसा वर चढतो आणि लंगर तळमजल्यावर येतो.

मराठी अभ्यासकाला या उंचीचे महत्त्व वेगळ्या कारणाने जाणवावे. १६०४ साली गुरू अर्जनदेवांनी सिद्ध केलेल्या या ग्रंथात नामदेवांच्या नावाची ६१ पदे आहेत. पंढरपुरात नामदेव महाद्वाराच्या पायरीशी आहेत. संतांची पायधूळ मिळावी म्हणून त्यांनी ती जागा स्वतःच मागितली, अशी श्रद्धा आहे. समोरच चोखोबांची समाधी. ज्या दारात हे दोघे विसावले, ते दार अस्पृश्यांसाठी उघडण्यास मात्र १९४७ साल आणि साने गुरुजींचे उपोषण लागले. तोच नामदेव हलसूरला चांदव्याखाली, सर्वांच्या मस्तकांहून उंच आसनावर वाचला जातो. देवळातून घालवून दिल्याचे आणि देऊळच आपल्याकडे फिरल्याचे त्याचे पदही याच ग्रंथात आहे. चारी दिशांना दारे असलेल्या हरिमंदिरात ते गायले जाते, तेव्हा त्याचा अर्थ औंढा नागनाथच्या आख्यायिकेपुरता उरत नाही.

‘पंगत’ हा शब्दही दोन्ही भाषांत आहे. मराठीत त्याच्या पाठीशी पंक्तिभेदाचा मोठा इतिहास आहे. पंजाबीत तो ‘संगत’शी जोडीने येतो आणि एका जमिनीवर, एका रांगेत बसणे एवढाच त्याचा अर्थ. म्हणूनच लंगरला ‘समाजकेंद्र’ म्हणून मागच्या अंगाला जोडणारा आराखडा सदोष मानावा लागतो. अशा आराखड्यात संहिता वर सन्मानाने ठेवलेली असते. तिने सांगितलेले जेवण मात्र वाहनतळाच्या कोपऱ्यात वाढले जाते.