गोंदण आणि पांढरा गणवेश

मी सहा वर्षांची असताना आईने माझ्या हातावर गोंदवून घेतले. पुढे परिचारिका प्रशिक्षणाच्या मुलाखतीत त्याच हाताकडे बोट दाखवून विचारले गेले, ‘हे पुसता येत नाही का?’ प्रश्न गोंदणाचा नव्हता. हा हात कोणत्या वस्तीतून आला, असे विचारायचे होते.

मराठी कवितेने गोंदणाला लेणे मानले. शान्ता शेळके यांच्या १९७५ च्या संग्रहाचे नावच ‘गोंदण’ आहे. पुस्तकात शोभणारे लेणे परिचारिकेच्या कातडीवर दिसले की गावंढळ का ठरते? समीक्षेने याचे उत्तर दिले पाहिजे.

स्वच्छतेचे कारण तपासून पाहू. निर्जंतुक न केलेल्या सुईने हिपॅटायटिस बी होऊ शकतो. पण तो रक्त तपासून कळतो, हात पाहून नव्हे. बरी झालेली गोंदलेली कातडी इतर कातडीसारखीच धुता येते. उलट, गोंदण झाकणाऱ्या लांब बाहीमुळे मनगट नीट धुता येत नाही. २००७ साली इंग्लंडच्या आरोग्य खात्याने रुग्णसेवेत कोपराखालचे हात उघडे ठेवण्याचे धोरण जाहीर केले, ते यासाठीच.

मी गोंदणाचा गौरव करीत नाही. सहा वर्षांच्या मुलीला कुणी विचारले नव्हते. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी अस्पृश्यतेची खूण ठरणारे दागिने टाकायला आमच्या आयाबायांना सांगितले. दागिना उतरवता येतो, गोंदण तसे उतरत नाही. म्हणून बदलायची आहे ती पाहणाऱ्याची नजर. माझ्या हाताची परीक्षा घ्यायचीच असेल, तर तो रुग्णाची शीर कशी शोधतो ते पाहून घ्यावी.