शोर्पारगातील ‘चतुःशाल’ : एक शब्दविचार

नाशिकच्या दहाव्या लेण्यातील लेखानुसार नहपानाचा जावई उषवदात याने शोर्पारगात, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्यात, ‘चतुःशाल’ निवास बांधविले. पेरिप्लसमध्येही या बंदराचा उल्लेख असल्याने त्या निवासांत पाँपेईच्या रोमन घरांची छाया पाहण्याचा मोह अभ्यासकास होतो. परंतु हा समास चार शालांपलीकडे काही सांगत नाही. केवळ रचनासाम्यावरून ऋण सिद्ध होत नाही. पाँपेईत उष्ण व शीत जलाची स्वतंत्र दालने असलेली सार्वजनिक स्नानगृहे आहेत. प्रस्तुत लेखात तडाग व उदपान आहेत, स्नानगृहवाचक शब्द नाही. १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी येथील स्तूप उकलला. घरांचा निर्णय मात्र उत्खननानेच होईल, आणि त्या भूमीवर आज नवे शहर वाढत आहे.