‘समुद्रावरून सुचलेली’ वीण : हा दावा तपासायचा कसा?

पेट पास झाली, सिनॉप्सिस लिहायला बसलात, आणि विषय लोककला, हस्तकला किंवा वस्त्रपरंपरा असा काही असेल, तर तुमच्या पहिल्याच पानावर ‘निसर्गापासून प्रेरित’ हे शब्द येतील. ते खोडायच्या आधी एक उदाहरण बघा. समुद्र आपल्या अमरावती-अकोल्यापासून शेकडो किलोमीटर लांब, आणि आपलं पीक कापसाचं, लोकरीचं नाही. म्हणूनच उदाहरण मुद्दाम लांबचं घेतलंय. आपलेपणा आडवा येत नाही.

स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांवर ‘ओल्ड शेल’ नावाची वीण आहे. गळ्याभोवतीच्या गोल मफलरला ती छान दिसते, अगदी वाळूवर लाटा ओसरल्यासारखी. आता हिशेब करा. 18 टाक्यांचा एक पट. तीनदा दोन-दोन टाके एकत्र विणायचे, मग सहा वेळा सुईवर धाग्याचा वेढा घेऊन एक सुलट, मग परत तीनदा दोन-दोन एकत्र. सहा कमी झाले, सहा वाढले. जिथे वाढले तिथे वीण फुगते, जिथे कमी झाले तिथे दबते. लाट झाली तयार. ती समुद्र न पाहिलेल्या माणसाच्या हातूनही होईल. बरं, नाव तरी पक्कं आहे का? छापताना कुठे शिंपल्याचा ‘शेल’ येतो, कुठे खडकाचा. साम्य दिसलं म्हणजे उगम सापडला असं होत नाही, बावा.

याहून मोठी गंमत आयर्लंडच्या अरन बेटांच्या स्वेटरची आहे. गोष्ट सगळीकडे सांगतात: प्रत्येक घराण्याची नक्षी वेगळी, म्हणजे बुडालेल्या कोळ्याचं प्रेत नक्षीवरून ओळखता येई. याचा माग काढत गेलं की जे. एम. सिंग यांचं ‘रायडर्स टू द सी’ हे नाटक हाती लागतं. ते 1904 मध्ये डब्लिनला रंगमंचावर आलं. त्यात बहीण बुडालेल्या भावाला ओळखते खरी, पण स्वेटरवरून नाही, पायमोज्यावरून. आणि नक्षीवरूनही नाही, तर टाक्यांची संख्या आणि तिच्याच हातून सुटलेले टाके यांवरून. मूळ नाटक तासाभरात वाचून होतं. तरी गोष्ट फिरत राहिली.

मग 1967 मध्ये हाइन्झ एडगर कीवे यांचं ‘द सेक्रेड हिस्टरी ऑफ निटिंग’ आलं. ऑक्सफर्डमध्ये लोकरीचं दुकान चालवणाऱ्या या गृहस्थांनी ‘बुक ऑफ केल्स’ या सुमारे 800 सालच्या हस्तलिखितातल्या चित्रात अरनची वीण पाहिली. चित्रातल्या गुंफणीला त्यांनी थेट कपडा मानलं. रिचर्ड रट यांनी (हे बिशप होते, आणि स्वतः विणायचेही) 1987 च्या ‘अ हिस्टरी ऑफ हँड निटिंग’मध्ये हे फेटाळलं. आज आपण ओळखतो तो अरन स्वेटर विसाव्या शतकातला आहे.

माझ्या मते कीवे यांचा दोष कल्पनाशक्तीचा नव्हेच. ‘असं दिसतं’ आणि ‘असं होतं’ यांतलं अंतर त्यांनी वाचकाला कळू दिलं नाही, हा आहे. दुसरं टोकही तितकंच वाईट: मिथक मोडलं म्हणून समुद्राचा संबंधच नाकारायचा. इंग्लंड-स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरचे कोळी घट्ट विणीचे लोकरी स्वेटर घालूनच समुद्रावर जात, आणि काहींवर मालकाची आद्याक्षरं विणलेली असत. आद्याक्षर हा ओळखीचा पुरावा आहे, घराण्याची नक्षी ही नंतरची विक्रीची गोष्ट.

आता तुमच्या फिल्डवर्ककडे या. मेळघाटातलं भिंतीवरचं चित्र असो की धनगराच्या घोंगडीची किनार, ‘ही नदीची लाट आहे का?’ असं विचाराल तर समोरची आजी ‘हो बाबू’ म्हणेल, पाहुण्याचं मन राखायला. त्यापेक्षा ‘याला तुम्ही काय म्हणता, आजी?’ एवढंच विचारा. हे नाव कुणाकडून ऐकलं, तेही विचारा. नाव तिनं आधी घेतलं की तुम्ही, हे वहीत त्याच दिवशी, तारखेसकट लिहा. आरआरसीपुढे कुणी विचारलं, तर ते पान उघडून दाखवता आलं पाहिजे.