अंतराळातील वसाहत आणि गावकूस

मराठी विज्ञानकथेकडे आपल्या चळवळीतील समीक्षेने फारसे लक्ष दिलेले नाही. परग्रहावरचा जीव, अंतराळातली वसाहत हे पांढरपेशांच्या फावल्या वेळेचे विषय, असे समजून आपण ते त्यांच्याच हवाली केले. मला हे घातक वाटते. माणूस आकाशात कसली वस्ती कल्पितो यावरून तो जमिनीवरच्या कोणत्या वस्तीत राहतो ते कळते.

जयंत नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले. त्यांच्याविषयी मला आदर आहे, तो आधी नोंदवतो. २००८ साली अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या साहाय्याने दोनशे मुलांच्या पत्रिका घेऊन त्यांनी फलज्योतिषाची चाचणी केली. ज्योतिष्यांची उत्तरे छापा-काट्याइतकीही भरली नाहीत. २००५ साली हैदराबादहून सोडलेल्या बलूनने ४१ किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने आणले. त्यांत जीवाणूंच्या तीन नव्या जाती सापडल्याचे इस्रोने २००९ साली जाहीर केले. नारळीकर त्या प्रयोगाचे प्रमुख होते. जीवसृष्टीचे बीज अवकाशातून आले असावे, हा त्यांचे गुरू फ्रेड हॉईल यांचा आवडता सिद्धान्त. एका जातीला हॉईल यांचे नावही दिले गेले. तरीही हे जीवाणू पृथ्वीबाहेरचेच असल्याचे सिद्ध होत नाही, असे त्याच निवेदनात सांगितले होते. गुरूवर प्रेम असूनही पुराव्यापाशी थांबायचे, याला मी वैज्ञानिक दृष्टी म्हणतो.

याच्या उलट टोकाचे उदाहरण दूरचे नाही. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ चंद्रावर उतरले. तीन दिवसांत त्या जागेला ‘शिवशक्ती’ हे नाव मिळाले आणि लागोपाठ एका महाराजांनी चंद्र हे हिंदू राष्ट्र घोषित करावे अशी मागणी केली. लोक हसले. मला हसू आले नाही. १९६७ च्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे चंद्राचा सातबारा कोणत्याच देशाच्या नावे होत नाही, हे महाराजांना ठाऊक असण्याचे कारण नाही. पण नव्या भूमीवर पाऊल पडताच आधी हद्द आखायची, ही त्यांची सवय मात्र जुनी आणि अनुभवसिद्ध आहे. हद्द आखली की हद्दीबाहेरचे आपोआप तयार होतात.

सगळ्याच धर्मपरंपरा या बाबतीत सारख्या नाहीत. जग सान्त की अनंत, या प्रश्नाला बुद्धाने उत्तर दिले नाही; मालुंक्यपुत्राला बाण लागलेल्या माणसाचा दाखला देऊन परत पाठवले. पाली ग्रंथांत हजारो लोकधातूंचा उल्लेख येतो, म्हणजे उद्या परग्रहावर जीव सापडला तर त्या विचाराची इमारत कोसळणार नाही. आणि नाही सापडला तरीही दुःख इथेच आहे.

आता नारळीकरांच्या कथांकडे वळतो. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली. आद्याक्षरे उलटी केली की ज. वि. ना. सापडतात. आपल्या कीर्तीचा दबाव परीक्षकांवर पडू नये हा हेतू प्रामाणिक होता. तरी मनात येतेच, की आडनाव बदलून पाहण्याचा प्रयोग इतक्या निर्धास्तपणे सगळ्यांनाच करता येत नाही.

‘यक्षांची देणगी’, ‘प्रेषित’, ‘अंतराळातील भस्मासुर’, ‘वामन परत न आला’. विज्ञान नवे, पण नावे जुन्या पोथीतली. वाचकाला ओळखीचा दुवा मिळावा म्हणून हे केले, असे समर्थन होईल. पण कोणत्या वाचकाला? वामनाच्या कादंबरीत वामन हा माणसाच्या हाताबाहेर जाऊ पाहणारा यंत्रमानव आहे. म्हणजे वामन हे संकट, एवढे लेखकाला जाणवले आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त हाच वामन आक्रमक म्हणून उभा केला होता आणि आमच्याकडे बाया दिवाळीत अजून बळीच्या राज्याची वाट पाहतात. कादंबरी मात्र त्या वाटेला जात नाही. ‘धूमकेतू’ या कथेतही असेच होते. संकट विज्ञान टाळते आणि घरचे लोक श्रेय यज्ञाला देतात. उपरोध चांगला आहे. पण यज्ञ हे केवळ घरातल्या माणसांचे अज्ञान नव्हे. यज्ञावर कोणाची तरी सत्ता चालते, दक्षिणा कोणाच्या तरी हातात पडते. ते या कथेला दिसत नाही, कारण तिचे जग संशोधक, परिषदा आणि सुशिक्षित कुटुंबे यांचे आहे.

मी बीड जिल्ह्यात शिकवतो. वर्गातली अर्धी मुले ऊसतोडीच्या घरची आहेत. माझ्या घरात पदवी घेणारा मीच पहिला. अंतराळ-वसाहतीवर बोलताना मुलांनी वेग, इंधन, किती वर्षे लागतील असे प्रश्न विचारले. एका मुलीने विचारले, “सर, तिथं पाणी कोण भरणार?” तिला वसाहत म्हणजे कारखान्याजवळच्या कोप्या माहीत. उचल घेतलेले कोयते दिवाळीच्या सुमारास तिथे उतरतात तेव्हा पहिला प्रश्न पाण्याचाच असतो, आणि तो बाईच्या डोक्यावर असतो.

तिचा प्रश्न शास्त्रीयदृष्ट्या अचूक होता. अंतराळ स्थानकावर लघवी, घाम आणि श्वासातली वाफ यांतून ९८ टक्के पाणी परत मिळवता आल्याचे नासाने २०२३ साली जाहीर केले. मंगळावर वस्ती करायची तर पहिले शास्त्र मैल्याचे आहे. ज्या धर्माने १९२७ साली महाडच्या तळ्यात पंचगव्याच्या घागरी ओतून पाणी ‘शुद्ध’ केले, त्याला या वसाहतीत एक घोटही पिता येणार नाही. सोवळे तिथे तहानेने मरेल.

पण आपोआप मरेल असे मी मानत नाही. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणारे कायदे १९९३ आणि २०१३ साली झाले, तरी गटारात उतरून माणसे गुदमरून मरतच आहेत. यंत्र आले म्हणून जात जात नाही. यंत्र कोणी उघडायचे हे ठरवायला ती मागे राहते. २००८ साली अंतराळ स्थानकावरचे संडास बंद पडले. पृथ्वीवरून नवा पंप गेला आणि अंतराळवीराने स्वतःच्या हाताने तो बसवला. हीच घटना आपल्या लोकांनी वसवलेल्या स्थानकावर घडली तर? चौघे शास्त्रज्ञ आत बसले आहेत, चौघांची आडनावे एकमेकांना ठाऊक आहेत, पंप बंद आहे आणि पाना मधल्या टेबलावर पडून आहे. ही कथा मराठीत अजून लिहायची आहे.