लाज मनाची आणि लाज मुखाची

इंग्रजी शिकणाऱ्या मुलांना 'शेमफेस्ड' हा शब्द समजावून देणे मुळीच अवघड नाही. 'शेम' म्हणजे लाज, 'फेस' म्हणजे चेहरा. तेव्हा ज्याच्या चेहऱ्यावर लाज उमटली आहे तो 'शेमफेस्ड', अर्थात ओशाळलेला. फराळाच्या डब्यात हात घालताना सापडलेल्या पोराचे तोंड डोळ्यांपुढे आणले की काम झाले. अर्थ बरोबर आहे, फोड मात्र चुकीची आहे. कारण या शब्दात मुळी चेहरा नव्हताच!

जुन्या इंग्रजीत हा शब्द 'शेमफास्ट' असा होता. 'फास्ट' म्हटले की आपल्याला जलद गाडी आठवते. पण त्याचा जुना अर्थ घट्ट, पक्का, न हलणारा. 'स्टेडफास्ट' म्हणजे अढळ, त्यातला 'फास्ट' तो हाच. दिवाळीचे कापड घेताना रंग 'फास्ट' आहे ना, असे आपण दुकानदाराला विचारतो, तेही याच अर्थाने. ज्याची लाज अशी पक्क्या रंगाची, तो शेमफास्ट. म्हणजे हा गुण होता, गुन्हा केल्याची खूण नव्हे. सोळाव्या शतकात लोकांच्या कानाने 'फास्ट'चे 'फेस्ड' केले. बायबलच्या 1611 च्या प्रसिद्ध भाषांतरात, तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, 'शेमफास्टनेस' असेच छापले होते. पुढच्या आवृत्त्यांत त्याचे 'शेमफेस्डनेस' झाले. एकोणिसाव्या शतकात ट्रेंच या भाषापंडिताने या बदलाकडे बोट दाखवले, आणि 1881 च्या सुधारित भाषांतरात जुना शब्द पुन्हा आला. लोकांच्या तोंडून मात्र तो गेला तो गेलाच.

हा केवळ उच्चाराचा घोटाळा आहे काय? मला तसे वाटत नाही. 'जनाची नाही, तर मनाची तरी लाज बाळग,' असे आपल्याकडे म्हणतात. शेमफास्ट माणसाला मनाची लाज होती. शेमफेस्ड माणसाला जनाची आहे. पहिली माणसाला चुकीच्या आधी अडवते, दुसरी चुकीनंतर आणि तीही कोणी पाहिले तरच येते.

स्पेन्सरच्या 'फेअरी क्वीन' या काव्याच्या दुसऱ्या खंडात (1590) एक गोड प्रसंग आहे. गायन नावाचा वीर आल्मा या राणीच्या वाड्यात एका तरुणीशी बोलू लागतो, तो ती लाजून लाल होते. आपले काही चुकले काय, असे तो विचारतो. ती अधिकच लाजते. मग आल्मा सांगते की तू शेमफास्ट आहेस, आणि ही तर साक्षात तो गुणच आहे, तुझ्या विनयाचा झराच ही. ते ऐकून तो रणधुरंधर गडी स्वतःच लाजतो आणि तोंड फिरवतो. इथे कोणाचाही अपराध नाही. चेहऱ्यावर आलेली लाली ही आतल्या पक्क्या रंगाची केवळ झाक आहे. शिवाय तो पुरुष आहे, हे विसरू नये. लाज हा बायकांचाच दागिना, असे त्या कवीने मानलेले नाही.

याच्या दोनशे वर्षे आधीचा चॉसर मात्र अंगावर काटा आणतो. त्याच्या 'कँटरबरी टेल्स'मधल्या वैद्याच्या कथेत व्हर्जिनिया या मुलीचे शेमफास्ट म्हणून कौतुक आहे. एका न्यायाधीशाची तिच्यावर वाईट नजर पडते. तो खोटा दावा उभा करून तिला ताब्यात घेऊ पाहतो. बाप घरी येतो आणि अब्रू जाण्यापेक्षा मरण बरे म्हणून स्वतःच्या हाताने मुलीचे डोके उडवतो. मनाची लाज नव्हती ती न्यायाधीशाला. जनाची लाज पडली बापाला. आणि जिची लाज पक्की होती, ती जिवानिशी गेली! ही गोष्ट परक्या देशाची म्हणून सोडून देण्यासारखी नाही. 'लोक काय म्हणतील' या तीन शब्दांनी आपल्याकडेही मुलींचेच गळे आवळले आहेत.

आम्ही कथालेखकही यातून सुटत नाही. पात्राला लाज वाटली की त्याची मान खाली घालायची, कानाच्या पाळ्या लाल करायच्या, नायिकेला पदराशी चाळा करायला लावायचे, ही आमची ठरलेली सामग्री. कोणी पाहत नसताना जो हात मागे घेतो, त्याचे चित्र काढणे कठीण. म्हणून ते क्वचितच निघते.

भाषांतरकाराने 'शेमफेस्ड'ला खुशाल 'ओशाळलेला' म्हणावे. पण जुन्या पानावर 'शेमफास्ट' भेटला तर तो शब्द चालणार नाही. 'लाजाळू' त्याला हलका पडतो, 'भिडस्त' दुबळा करतो. 'मर्यादशील' त्यातल्या त्यात जवळचा. आणि घरात मुलांना 'लाज नाही वाटत?' असे दरडावताना आपण यांपैकी कोणती लाज मागत आहोत, एवढे वडीलधाऱ्यांनी आधी स्वतःशी ठरवावे. मुलीकडे मागायची ती मुलाकडेही मागावी.