चौकटीबाहेर राहिलेले गवत

भोवत्या या शिकारी पक्ष्याची छायाचित्रे अलीकडे मुबलक पाहावयास मिळतात. युरोप व मध्य आशियातून सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास आलेला हा पाहुणा मार्च-एप्रिलपर्यंत आपल्या माळरानांवर राहतो. यांपैकी बहुसंख्य चित्रे एकाच घडणीची असतात : पिवळाधमक डोळा, मोजता यावे असे पीस न् पीस आणि मागे निव्वळ तपकिरी धुके. तंत्रदृष्ट्या त्यांत उणे काढण्यास जागा नाही. तरीही ती आम्हांस अपुरी वाटतात. ती का, याचा विचार येथे करावयाचा आहे.

दूरच्या पल्ल्याच्या भिंगाचा धर्मच असा, की विषय रेखीव करताना ते भोवताल विरघळवून टाकते. इतर अनेक पक्ष्यांच्या बाबतीत हे खपून जाते. भोवत्याच्या बाबतीत नाही. पंख किंचित वर उचलून तो गवताच्या शेंड्यांलगत तरंगत जातो. घुबडासारख्या चेहऱ्याच्या ठेवणीमुळे गवतातली बारीक खसखसही त्याला ऐकू येते. टोळ, उंदीर, लहान पक्षी तो तेथेच टिपतो आणि रात्री त्याच गवतात जमिनीवर मुक्काम करतो. तेव्हा गवत ही त्याची पार्श्वभूमी नव्हे; ते त्याचे अर्धे चरित्र आहे. ते पुसून काढलेले चित्र म्हणजे समुद्र वगळून रंगविलेला नाखवा होय.

यावर कोणी म्हणेल, ओळख पटविण्यासाठी जवळचे चित्र हवेच. हे आम्हांस मान्य आहे. माँटेग्यूच्या भोवत्याच्या नराच्या पंखावरील काळा पट्टा, फिकट भोवत्याच्या नराच्या पंखाच्या टोकाशी असलेली काळी पाचर, हे भेद दुरून निसटतात. माद्या तर फसवितातच. परंतु ओळखपत्रावरचे चित्र आणि व्यक्तिचित्र यांत जो फरक आहे, तो येथेही आहे.

गुजरातेत भावनगर जिल्ह्यातील वेळावदर १९७६ साली राष्ट्रीय उद्यान झाले. त्याचे क्षेत्र सुमारे ३४ चौरस किलोमीटर. हिवाळ्यात तिन्हीसांजेस तेथे शेकडो भोवते गवतात उतरतात. मावळत्या उजेडात अफाट गवत आणि त्यावर चिमुकले पक्षी, असे चित्र स्पर्धेत कदाचित मागे पडेल. पण हे पक्षी हजारो किलोमीटर ओलांडून येथेच का येतात, याचे उत्तर तेच देईल. हा क्षण साधण्यासाठी मात्र गाडी वाटेवरून खाली उतरविणे, विसावलेले पक्षी पुन्हा उडविणे, हे चित्र कितीही देखणे आले तरी अक्षम्यच.

प्रश्न केवळ सौंदर्याचा नाही. आपल्याकडे माळरानांची गणना पडीक जमिनीत होत आली आहे. पडीक म्हणून तेथे झाडे लावावीत, भूखंड पाडावेत, असे सहज सुचते. गवताचे धुके करणारे चित्र नकळत त्याच समजुतीस साक्ष देते. म्हणून छायाचित्रकारांना आणि प्रदर्शनांच्या परीक्षकांना आमची विनंती एवढीच, की चौकटीत गवताला जागा द्यावी आणि चित्राखाली पक्ष्याच्या नावाबरोबर त्या माळाचेही नाव लिहावे.