प्रथम वर्ष रसायनशास्त्राची प्रात्यक्षिक पुस्तिका : एक चिकित्सा

प्रस्तावना

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील उच्च शिक्षणाची परंपरा जुनी आहे. डॉ. भा. पां. हिवाळे यांनी १९४७ मध्ये अहमदनगर कॉलेजची स्थापना केली. १९६१ मध्ये संगमनेर महाविद्यालय सुरू झाले. पुढे तालुक्याच्या गावीही विज्ञान शाखा निघाल्या आणि पारनेर, पाथर्डी, अकोले या भागांतील, शालेय शिक्षण मराठीतून झालेले विद्यार्थी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत आले. त्यांच्या हाती प्रारंभीच येते ती प्रात्यक्षिक पुस्तिका. क्रमिक पुस्तकांचे परीक्षण होते. या पुस्तिकेकडे मात्र समीक्षकाचे लक्ष सहसा जात नाही. कोणत्याही एका प्रकाशनाचा निर्देश न करता या लेखनप्रकाराची चिकित्सा करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

नियमांचे पान

या पुस्तिकांचे काही गुण मान्य केलेच पाहिजेत. कृतीचे टप्पे क्रमवार असतात, निरीक्षणांचे तक्ते आखलेले असतात, गणनेची रीत स्पष्ट असते. दोष आहे तो रचनेत. सुरक्षिततेचे नियम आरंभीच्या एका पानावर येतात आणि पुढील प्रयोगांत त्यांचा पुन्हा उल्लेख होत नाही. शिवाय ते आज्ञेच्या रूपात येतात, कारणासह नव्हे. 'आम्ल पाण्यात ओतावे, पाणी आम्लात ओतू नये' हे वाक्य विद्यार्थी पाठ करतो. परंतु संहत सल्फ्युरिक आम्लाची घनता पाण्याच्या सुमारे १.८४ पट असते, त्यामुळे वरून ओतलेले पाणी पृष्ठभागावरच राहते, तेथे निर्माण होणाऱ्या उष्णतेने उकळते आणि आम्लासह उसळते, हे त्याला सांगितले जात नाही. कारण कळले की नियम पाठ करावा लागत नाही.

'पिपेटने १० मिलिलीटर द्रावण घ्या' एवढे लिहून पुस्तिका थांबते. तोंडाने ओढू नये, रबरी फुगा वापरावा, हे त्याच ओळीत हवे. पोटॅशियम परमँगनेट व ऑक्झॅलिक आम्लाच्या अनुमापनात द्रावण ६० ते ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावयाचे असते. पण तापलेले शंकुपात्र कसे धरावे आणि ऑक्झॅलिक आम्ल विषारी आहे, याविषयी कृतीत मौन असते. कौशल्य आणि सुरक्षितता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असा समज अशा मांडणीतून दृढ होतो. वास्तविक नीट धरलेले पात्र हेच कौशल्य आणि तीच सुरक्षितता होय.

भाषेचा प्रश्न

पुस्तिका इंग्रजीत असते. 'इन्फ्लेमेबल' हा बाटलीवरील शब्द पाहून त्यातील 'इन' नकारार्थी आहे, असा तर्क नवख्या विद्यार्थ्याने केल्यास त्याला दोष देता येणार नाही. प्रत्यक्षात अर्थ आहे 'ज्वालाग्राही'. मराठीतही सारे सुरळीत नाही. 'तीव्र' हा शब्द आपण जास्त आयनीभवन होणाऱ्या आम्लासाठीही वापरतो आणि बोलण्यात संहत आम्लासाठीही. त्यामुळे 'सौम्य' आम्ल निरुपद्रवी, असा गैरसमज होतो. ॲसेटिक आम्ल सौम्य आहे. पण त्याचे पाणीविरहित, संहत रूप त्वचा भाजते. प्रत्येक प्रयोगाच्या आरंभी मराठीत चार ओळींची सूचना दिली, तर इंग्रजी माध्यमाला कोणतीही बाधा येत नाही.

स्थिर वाचन

सर्वांत गंभीर आक्षेप तक्त्याविषयी आहे. अनुमापनाच्या तक्त्यात तीन वाचने आणि अखेरीस 'स्थिर वाचन' एवढ्याच जागा असतात. चुकलेल्या वाचनाला, ब्युरेटच्या गळक्या तोटीला, सांडलेल्या द्रावणाला तेथे स्थान नाही. गुण अपेक्षित उत्तराला मिळतात, हे जाणणारा विद्यार्थी १०.२, १०.२, १०.२ असे लिहून मोकळा होतो. जो चुकीचे वाचन लपवण्यास शिकतो, तो हातावर उडालेले आम्लही लपवण्यास शिकतो. ज्या वहीत चुकीला जागा नाही, तेथे अपघाताची नोंदही होणार नाही.

याचा संबंध या जिल्ह्याच्या अर्थजीवनाशीही आहे. प्रवरानगरपासून कोपरगावपर्यंतच्या साखर कारखान्यांच्या प्रयोगशाळांत रसायनशास्त्राच्या पदवीधराला काम मिळू शकते. पोलॅरिमीटरवर वाचन घेण्यापूर्वी उसाचा रस निर्मळ करण्यासाठी तेथे शिशाचे विषारी क्षार पूर्वापार वापरले गेले. अशा ठिकाणी प्रथम वर्षात जडलेली सवयच हाताबरोबर जाते.

एक आक्षेप

तुकडीत विद्यार्थी अधिक, वेळ अल्प आणि साधने तोकडी असताना हे सारे कसे साधावे, असा प्रश्न अध्यापक विचारतील. तो रास्त आहे. मात्र येथे सुचविलेल्या बदलांना नवी उपकरणे फारशी लागत नाहीत. उत्तम साधने असूनही धोका संपत नाही, हेही विसरता येत नाही: २९ डिसेंबर २००९ रोजी मुंबईतील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या प्रयोगशाळेत लागलेल्या आगीत दोन तरुण संशोधक मृत्युमुखी पडले.

समारोप

सारांश, नियमांचे स्वतंत्र पान मोडून ते नियम प्रत्येक कृतीत कारणासह यावेत. धोक्याची सूचना मराठीतही असावी. तक्त्यात 'काय चुकले व का' असा एक रकाना असावा आणि प्रामाणिक नोंदीला गुण असावेत. पुस्तिकेने विद्यार्थ्याला बरोबर उत्तरापर्यंत न्यावे हे योग्यच. पण त्याआधी तिने त्याला डोळे आणि हात शाबूत ठेवून खरे लिहिण्यास शिकवावे.